संगं कोन कोन येतंय?

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी विल्सन साळवेंच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी तारीखही पाहिली नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "नवरदेवासंगं कोन कोन येतंय?" मी म्हटलं, असतील दोनशे माणसं. "आन् त्या दोनशांसंगं?" लग्नाला ते एकटेच आले.

हा त्यांचा कामातला प्रश्न. दूध संकलन केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही नगरला बनवतो: दूध किती, फॅट किती, भाव काय, त्याची पावती. सगळं आम्हीच लिहीत नाही. जगात कुणी कुणी लिहून ठेवलेली तयार पॅकेजेस घेतो. पण एक पॅकेज मागवलं की त्याला लागणारी पाच येतात आणि त्या पाचांना लागणारी वीस. कुणाचं कोणतं व्हर्जन घ्यायचं हे एका फायलीत लिहायचं, मग बिल्ड सिस्टीम सगळ्यांना गोळा करून सॉफ्टवेअर बांधून देते. एकाचं दुसऱ्याशी पटलं नाही की बिल्ड बंद. ती फाईल साळवेंच्या ताब्यात असे.

आता स्पष्टच लिहितो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. मी इंजिनिअर. काष्टीच्या आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. घरात शिरणाऱ्याला आधी माझा पदवीचा फोटो दिसतो, देव नंतर. साळवे बारावी. श्रीरामपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलेले. आणि मी काहीही करून दाखवलं की साहेब म्हणणार, "साळवेंना विचारलंस का?" चार वर्षं हेच वाक्य ऐकलं. वडील फोनवर विचारायचे, "मोठा कोन, तू का त्यो?" मी विषय पावसावर न्यायचो. तिकडे बाजारात त्यांनी सांगून ठेवलं होतं की सगळं ऑफिस आमचा दत्ताच बघतो.

साळवेंची एक शंभरपानी वही होती. प्रत्येक पॅकेजला एक पान, पेन्सिलीने लिहिलेलं. नाव, गाव, सोबत कोण, आणि खाली 'स्वभाव'. एकदा मी खांद्यावरून डोकावलो. "तापट. दर महिन्याला बदलतो." दुसऱ्या पानावर, "गरीब. कुनाच्या अध्यात न्हाई." एवढं वाचेपर्यंत पानावर त्यांचं कोपर आलं. दुपारी आम्ही सगळे मोठ्या टेबलावर जेवायचो, ते मागच्या जिन्यात, डबा एका मांडीवर आणि वही दुसऱ्या. मला वाटायचं, सगळी विद्या त्या वहीत कोंडून ठेवलीय. ती मिळाली तर हा माणूस माझ्यापुढं काय आहे?

मग त्यांची दाढ दुखायला लागली. ती काढायला ते दोन दिवसांसाठी श्रीरामपूरला निघाले. साहेब मला म्हणाले, या वेळचं बिल्ड तू कर, बिनचूक झालं तर पुढं तुझ्याकडंच देतो. मी लगेच घरी फोन केला. साळवे जाताना गालाला हात लावून एवढंच म्हणाले, "इंजिनेर, फायलीला हात लावू नको. नुसतं बटन दाब."

बटण दाबायला पदवी कशाला लागते? मी फाईल उघडली. एक पॅकेज तर चार वर्षांपूर्वीच्या व्हर्जनवर बांधून ठेवलेलं. फॅटच्या मशीनमधला आकडा कॉम्प्युटरमध्ये आणायला लागतं ते. मला हसू आलं. म्हाताऱ्याला नवीन काही झेपत नाही, म्हणून जगाला चार वर्षं थांबवलंय. मी तिथं ताजं व्हर्जन लिहिलं, हात फिरतोय तोवर आणखी अकरा ठिकाणी तेच केलं, आणि बटण दाबलं.

पडदा लाल झाला. मी एक दुरुस्त केलं की तीन चुका नव्या निघायच्या. जुनी फाईल परत घ्यावी, तर साळवेंचंच खरं ठरणार. नवं सॉफ्टवेअर पोचलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केंद्रांचे फोन सुरू झाले आणि साहेबांनी साळवेंना बोलावून घेतलं. ते एसटीने आले. गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस. खुर्चीत बसले, वही उघडली, अकरा नवी व्हर्जनं तशीच राहू दिली, फक्त ते एक जुनं परत लिहिलं. दहा मिनिटांत पडदा हिरवा.

साहेबांनी विचारलं, हे बंद कशानं पडलं? साळवेंनी कापूस काढला.

"ह्ये जुनं का ठिवायचं, ते माज्या वहीत हुतं, फायलीत नव्हतं. चूक माजी हाय."

साहेब गेले. साळवे तोंड धुवायला उठले, आणि वही पहिल्यांदाच टेबलावर उघडी राहिली. मी वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

"जुनंच ठिवायचं. नवं घेतलं तर दत्ताचं फॅटचं काम मोडतं. त्याचं नोकरीतलं पयलं काम हाय. त्याला चूक घावंल तवर सांभाळायचं. सांगायचं न्हाई, पोरगं खचंल."

खाली 'स्वभाव' होता. मला वाटलं पॅकेजचा असेल. तो माझा होता. "हुशार. घाई फार. आपल्याशी बोलत न्हाई."

मी ज्याला हसलो, ते जुनं व्हर्जन चार वर्षं माझ्याच चुकीला टेकू देऊन उभं होतं. पुढचे तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. माझं जुनं काम उघडलं, चूक शोधली, दुरुस्त केली. ताज्या व्हर्जनवर बिल्ड हिरवं आलं. साहेबांना सगळं सांगितलं, की फाईल मी बदलली होती. बिल्ड साळवेंकडंच राहिलं. वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, त्या मानसाला एकदा काष्टीला घिऊन ये.

हेवा गेला म्हणणार नाही. साहेब अजून तेच वाक्य म्हणतात आणि मला अजून टोचतं.

पण चौथ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन मागच्या जिन्यात गेलो. साळवे वहीतलं ते पान रबराने खोडत होते. माझं नाव गेलं होतं, स्वभावाची शेवटची ओळ राहिली होती. मी दिसताच त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"संगं कोन कोन येतंय?"

"कोणी नाही, काका. मी एकटाच."

त्यांनी वही मिटली आणि पायरीवर सरकून जागा केली.