कोपरा फाटलेलं पुस्तक

“कोपरा फाटेल हाय, डाक्टरसाहेब. आतलं वाचू नका. कोन गेलं, तेवढंच सांगा.”

हे ऐकून मी खिडकीशी गेले. सटवाजी हवालदार दवाखान्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभे होते. महारवाड्यातली माणसं तिथवरच येत. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हातात हवालदारांना टपालाने आलेली अमेरिकन कादंबरी होती. आमच्याकडे मृत्यूची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात, आणि या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा वाटेत फाटला होता. वेष्टनावरचं पाठवणाऱ्याचं नाव भिजून गेलेलं. हवालदारांचं नाव आणि ‘उंद्री, सी. पी. अँड बेरार’ हा आमच्या गावाचा पत्ता एवढंच शाबूत.

लढाईत हवालदार आसामच्या जंगलात रस्ता बांधत होते. तिथून त्यांनी बूट आणले आणि ‘ओके’ आणलं. म्हशीलाही ते ओके म्हणत. सापाला कधी भ्यायले नाहीत. तिथे त्यांच्यासोबत जिमी नावाचा एक काळा अमेरिकन शिपाई होता. त्या देशात हवालदारांचा पत्ता ठाऊक असलेला तो एकटाच.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून पुस्तक माझ्याकडे आलं. ही रचलेली गोष्ट आहे, पत्र नव्हे, असं मी हळूच सांगितलं.

“खोटं असतं तं येवढा खर्च करून छापलं काऊन असतं?”

मी पहिलं पान उघडलं.

रोज दुपारी ते पायरीवर बसत, मी ओसरीवरून मराठीत सांगे. गोष्ट नेमकी लढाईहून घरी निघालेल्या काळ्या शिपायाची. त्याचा नळ वेगळा, बाक वेगळा. “तिकडंबी?” म्हणून हवालदार हसले. पण तो बसमध्ये गोऱ्यांच्या पुढच्या बाकावर बसला, तेव्हा त्यांचं हसू गेलं.

“उठ बे,” ते पुस्तकाला दबक्या आवाजात म्हणाले. “मांगं जाय. पाहून राह्यले ते तुले.”

मी शेवट आधीच वाचला होता. पुढचे दोन दिवस मी तापाचं सोंग घेऊन पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ते पायरीवर होतेच.

“माह्या ताटात जेवला जिमी, ताईसाहेब. दुसरं कोनी नाही जेवलं कधी.” त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. “पोचला काय घरी?”

पानावर गावाबाहेरचं वळण होतं, काठ्या घेतलेली माणसं होती. माझा आवाज कधी अण्णांच्या खोलीपर्यंत जात नाही. त्या दिवशी गेला.

“पोचला. आईनं दार उघडलं.”