दर्याबाईंनीं गडावर शिरका धाडिला त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, वडिलांच्या तोंडून जितकें ऐकिलें तितकेंच लिहितों. शके सोळाशें चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, ज्येष्ठ मास. त्या समयीं एका राज्याच्या सरहद्दीवर गड होता आणि त्याची किल्लेदारी जानराव वाघमोडे यांजकडे होती आणि त्यांचें कुटुंब दर्याबाई सहा मजलांवर खालीं जांभूळबनांत राहत होत्या. कारण सरहद्दीचे गडावर बायकामाणसांनीं पाऊल ठेवूं नये ऐसा हुजूरचा हुकूम मागाहून झाला होता. तेव्हांपासून सात वर्षें उभयतांची गांठ नाहीं. मग गडावरून म्हातारा जासूद भिवा आला आणि बोलिला, "किल्लेदारांस मधुमेह जडला. लघवीस मुंग्या लागतात, पायाची जखम भरत नाहीं आणि नजर अंधुक झाली." लोकांत बोलवा होती कीं जांभळाचा शिरका प्याल्यानें हा रोग हटतो. मग बाईंनीं पिकलीं जांभळें स्वहस्तें कुसकरिलीं आणि रस मडक्यांत भरून तोंडास फडकें बांधिलें आणि चाळीस दिवसांनीं आंबट वास नाकास झोंबूं लागला तेव्हां बुधला भरून गडावर रवाना केला. सोबत लिहिलें, "दोन पळ्या पाण्यांतून, जेवणासंगें घ्याव्या." उत्तर आलें, "शिरका पावला. गुण आहे." इतकेंच. बाईंनीं तें पत्र इतके वेळां वाचिलें कीं घडीवर कागद फाटला. आणि मग दुसरा बुधला गेला, मग तिसरा, ऐसे फाल्गुनापर्यंत सात गेले.

फाल्गुनांत विश्वंभर वैद्य त्या वाटेनें जात असतां बाईंनीं पुसिलें, "शिरक्यानें रोग जातो कीं नाहीं, खरें सांगा." वैद्य बोलिले, "बाईसाहेब, जेवणानंतर चढणारी गोडी थोडी आवरते, ऐसा माझा अनुभव. रोग जात नाहीं. पाण्यावांचून प्याला तर दांत झिजतात, घसा पोळतो. गूळभात हातचा काढून घेणारें आणि रोज चालावयास लावणारें माणूस जवळ पाहिजे." बुधले पोहोंचविणारा भिवा तेथेंच होता, त्याजकडे बाईंनीं पाहिलें. भिवा मान खालीं घालून बोलिला, "एक थेंबही प्याले नाहींत. बूच काढितात, वास घेतात आणि पुन्हां लावितात. म्हणतात, प्यालों तर सरेल."

मग बाईंनीं हुजूरांस अर्जी धाडिली आणि उत्तराची वाट न पाहतां डोलींत बसल्या आणि सहाव्या दिवशीं गडाचे दरवाज्यास पोहोंचल्या. पहारेकऱ्यांनीं हुकूम मागितला. बाई बोलिल्या, "हुकूम मागाहून येईल. तोंवर बाहेरच बसतें." वर्तमान कळतां जानराव लंगडत खालीं आले. दरवाजा त्यांचे ताब्यांतला, परंतु हुकूम मोडवेना. मग ते आंतले अंगास, दरवाज्यांतील लहान दारापाशीं, दिंडीशीं बसले आणि बाई बाहेरले अंगास बसल्या. जानराव बोलिले, "तुमचा चेहरा नीट दिसत नाहीं." बाई बोलिल्या, "म्हातारी झालें आहें. न दिसलें तरी कांहीं गेलें नाहीं आपलें." मग भाकरी आणवून त्यांनीं दिंडींतून शिरक्याचें पाणी पुढें केलें. जानरावांनीं वाटी दोन्हीं हातीं धरिली, बहुत वेळ धरिली, आणि प्याले. बोलिले, "भारी आंबट आहे." बाई बोलिल्या, "सातही बुधले काढा. सरले तर मी आहें."

ऐसे नऊ दिवस दाराच्या दोहों बाजूंस गेले. दहावे दिवशीं हुकूम आला कीं बायकांस गड नाहीं. किल्लेदारांनीं खालीं जाणें तर किल्ल्या ठेवून जावें. वीस वर्षांची किल्लेदारी. जानरावांनीं किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडिला आणि पहाऱ्यावरील नाईकांचे हातीं दिला आणि दिंडींतून वांकून बाहेर आले.

तात्पर्य, त्यानंतर जानराव अकरा वर्षें जगले. गेलेली नजर आली नाहीं. पायाची जखम पथ्यानें आणि बाईंच्या नित्य धुण्यानें भरली. शिरक्याचा गुण वैद्यांनीं सांगितला तितकाच आला. गडावरचीं सात वर्षें मात्र कशानेंच भरून आलीं नाहींत.