कॅप्टनसाहेबांभोवती दहा फेऱ्या

खोटं बोलत असेन तर माझा एकही पाव पुन्हा फुगू नये! शब्द न् शब्द खरा आहे.

एकाहत्तर साली आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या शाळेत कॉलेजवाल्यांनी एक कासव आणून ठेवलं. पत्र्याचं! खाली चाकं, मागे टाइप करायच्या यंत्राला जोडलेली लांबलचक वायर, पोटात पेन. हल्लीची पोरं पडद्यावर 'पेनडाउन' टाइप करतात न् विचारतात, पेन कुठंय? अहो, तेव्हा खरंच होतं! हुकूम आला की पेन टेकायचं, कासव जाईल तिकडे रेघ!

लोरेटा हॅस्केलबाईंचा त्या कासवावर भारी जीव. पण शाळा-समिती म्हणाली, शनिवारी दाखवा. नाही पटलं तर सोमवारी कासव परत.

"डोळे मिटून गोल काढून दाखवीन!" बाई म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष कॅप्टन थर्लो. जन्म गेला जहाजावर हुकूम सोडण्यात! खुर्ची घेऊन थेट गोल काढायला जमिनीवर पसरलेल्या कागदाच्या मधोमध बसले.

"साहेब, जरा बाजूला..."

"मी वादळात हललो नाही, बाई. कासवासाठी हलू?"

झालं! बाई घाईघाईनं टाइप करायला लागल्या. 'थोडं पुढे, थोडं उजवीकडे' असं तीनशेसाठ वेळा सांगायचं, तर एक शून्य जास्त पडलं. तीन हजार सहाशे!

"वा! पुरा गोल!" कॅप्टन खूश. कासव दुसऱ्या फेरीला निघालं, वायर बुटाला लागली.

"थांबवते, साहेब!"

"खबरदार! बघू तरी किती दमाचं आहे!"

दहाव्या फेरीला ते थांबलं, तेव्हा कॅप्टनचे पाय खुर्चीसकट सुतळीनं बांधलेल्या इस्टरच्या हॅमसारखे आवळले होते!

"ओढू नका, वायर तुटेल!"

"मग सोड म्हणावं त्याला!"

बाईंनी टाइप केलं. यंत्रानं खडखडत छापलं: 'सोड' कसं करायचं ते मला माहीत नाही.

"प्लीज म्हणून बघा," विणत बसलेल्या सदस्य मिसेस पिंकम म्हणाल्या.

'प्लीज' कसं करायचं ते मला माहीत नाही.

"हुकूम आहे म्हणावं!"

'हुकूम' कसं करायचं ते मला माहीत नाही.

कॅप्टनचा चेहरा बीटासारखा लाल! "सोमवारी नाही, आजच परत पाठवा हे! सहाला चर्चमध्ये बीन्सची पंगत आहे माझी!"

मिसेस पिंकमनी सुया खाली ठेवल्या. "अहो, ते नाही कुठं म्हणतंय? येत नाही म्हणतंय. शिकवा की! उसवायचं तर उलटं जायचं."

बाईंच्या डोक्यात उजेड पडला. शिकवायचा शब्द होता ना, 'टू'! इंग्रजीत चालणं म्हणजे 'टू वॉक', उडणं म्हणजे 'टू फ्लाय'. त्यातलाच हा 'टू'. बाईंनी लिहिलं 'टू', पुढे 'सोड': थोडं डावीकडे, थोडं मागे, तीन हजार सहाशे वेळा. शून्यं दोनदा मोजली. मग नुसतं 'सोड' म्हणाल्या, आणि निघालं की कासव मागं मागं!

कॅप्टन सुटले. घोटे चोळत उठले.

"तीस वर्षं या समितीत आहे," कॅप्टन म्हणाले. "येत नाही असं तोंडावर सांगणारा, न् शिकवल्यावर करणारा, आज पहिलाच भेटला. राहू दे त्याला!" आणि हसत हसत सही केली.

'हसत हसत' एवढं मात्र मी पदरचं घातलं हं. सही केली, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.