दानमाकुची व्याख्या आणि इनुकाईबाईंची तीन विमानं

"व्याख्या? अहो, व्याख्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" सेगावासाहेब चहाचा पेला टेबलावर आपटत म्हणाले. "सव्वीस वर्षं काढलीत या कचेरीत. 'प्रेम' मी केलंय, 'मृत्यू' मी केलाय, 'डावीकडे' तर तीन आवृत्त्यांत तीनदा केलंय! एका खेळाचा काय एवढा बाऊ करता? जेवून येतो आणि अर्ध्या तासात देतो."

जिम्बोचो भागातल्या त्या जपानी शब्दकोशाच्या कचेरीत गुरुवारी सकाळी हे वाक्य उच्चारलं गेलं. शब्द होता 'दानमाकु'. म्हणजे गोळ्यांचा पडदा. जुन्या आवृत्तीत त्याचा लढाईतला अर्थ होता, तोफांचा भडिमार वगैरे. पण आता पोरंटोरं हा शब्द एका खेळासाठी वापरतात, आपलं विमान चालवायचं, शत्रूवर गोळ्या झाडायच्या आणि शत्रूच्या गोळ्या चुकवत बसायचं. 'हा अर्थ तुमच्या कोशात का नाही?' अशी वाचकांची एकोणीस पत्रं आली होती. त्यातलं एक तर एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं होतं.

जेवणानंतर सेगावांनी खरंच कागद पुढे केला. 'ज्यात खूप गोळ्या चुकवाव्या लागतात असा नेमबाजीचा खेळ.'

मुख्य संपादक नागुमोबाई अंगाने चिमणीएवढ्या, पण त्यांच्या लाल पेनाला सगळी कचेरी टरकून असे.

"खूप म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"खूप म्हणजे... पुष्कळ."

"आणि गोळ्या तर नेमबाजीच्या सगळ्याच खेळांत चुकवतात. मग यात वेगळं काय?"

सेगावांनी 'खूप' खोडून वर 'पुष्कळ' लिहिलं.

"तुम्ही हा खेळ खेळलाय का हो, सेगावासाहेब?"

"मी 'मृत्यू' केला तेव्हा मेलो होतो का?"

कचेरीत कुणीतरी खुसखुसलं. तो हातोरी होता. हातोरी वयाने चौतीस, केस कापल्यासारखे न दिसणारे, आणि सेगावांच्या 'त'च्या पानांवर त्याचा केव्हापासून डोळा. जपानी कोशात 'द'चे शब्दही 'त'च्याच पानांत येतात, आणि ही पानं सेगावांनी बारा वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली होती.

"सोमवारी दहाला पान छापायला जातं," नागुमोबाई म्हणाल्या. "तोवर नीट व्याख्या आली नाही, तर 'त'ची पानं पुढच्या आवृत्तीपासून हातोरी बघेल."

बारा वर्षांची पानं हातची जाणार! पण तोंड कुणाचं? सेगावांचं! "सोमवारी कशाला, शनिवारीच घ्या!" ते म्हणाले.

शनिवारी ते कामाता भागातल्या एका गेम सेंटरमध्ये पोचले. अंगात कोट, गळ्यात टाय आणि हातात ते टिकटिक मोजयंत्र, चौकात उभं राहून मोटारी मोजायला वापरतात ते. खूप म्हणजे किती, हे एकदाचं मोजूनच टाकायचं, असा त्यांचा बेत होता.

आत अंधार, धूर आणि शंभर रेडिओ एकदम लावल्यासारखा कल्ला. ते एका खेळणाऱ्याच्या मागे उभे राहिले आणि पडद्यावर गुलाबी गोळी दिसली की टिक्, निळी दिसली की टिक्. पहिल्या मिनिटात चारशे बारा झाल्या आणि अंगठ्यात गोळा आला. खेळणारा मागे वळून म्हणाला, "काका, कानात किडा वळवळतोय असं वाटतंय. बंद करा ना ते!"

"मी दानमाकुची व्याख्या करतोय," सेगावा ऐटीत म्हणाले.

बस! मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड बसला. चारी बाजूंनी माणसं जमली.

"आकड्याला काय महत्त्व? गोळ्या हळू यायला पाहिजेत, हळू!"

"हळू कशाला? आपलं विमान दिसतं मोठं, पण गोळी लागायची जागा एवढीशी, हे खरं लक्षण!"

"छ्या! नक्षी! गोळ्यांची नक्षी दिसली पाहिजे. नाहीतर ती नुसती गारपीट!"

"तुला काय कळतं रे, तू अजून तिसऱ्या पायरीवर मरतोस!"

"आणि तू? तू तर दुसरी पायरी अजून पाहिलीसुद्धा नाहीस!"

सेंटरचा मालक कोकुबो झाडू घेऊन धावत आला. "गप बसा रे! भांडायचं असेल तर बाहेर." मग सेगावांकडे वळून म्हणाला, "साहेब, या गाढवांना विचारू नका. इनुकाईबाईंना विचारा. त्या म्हणतील ते."

त्या नावासरशी सगळे वाट करून बाजूला झाले.

इनुकाईबाई कोपऱ्यातल्या मशिनवर बसल्या होत्या. वय त्रेसष्ट, पाठीमागच्या गल्लीत कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान, अंगात अजून दुकानाचाच ॲप्रन. डाव्या हातात दांडी, उजव्याची बोटं बटणांवर. मागे सात-आठ जण हाताची घडी घालून श्वास रोखून उभे. पडद्यावर उडता किल्ला होता आणि त्यातून गोळ्यांच्या लाटांवर लाटा येत होत्या. त्यातून बाईंचं विमान दोन दोन केसांनी सरकत होतं. हा किल्ला दुसऱ्या फेरीतला शेवटचा. अकरा वर्षं बाई त्याच्या मागे लागल्या होत्या. किल्ल्याची ताकद संपत आली होती आणि बाईंकडे अजून तीन विमानं शिल्लक होती.

आता, मागे उभं राहायचं आणि खेळ संपेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सव्वीस वर्षांत सेगावा एकच गोष्ट शिकले होते. माणूस भेटला की कार्ड द्यायचं! ते पुढे झाले, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड बाईंच्या नाकासमोर धरलं.

"प्रथमच भेटतोय. शब्दकोशाच्या कचेरीतला सेगावा."

आणि बाई? चाळीस वर्षं गल्ल्यामागे उभं राहिलेली बाई! समोर कार्ड आलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, एका हाताने घेतलं तर तो अपमान, हे हाडीमाशी भिनलेलं. दांडी सुटली, बटणं सुटली. बाई अर्ध्या उठल्या आणि दोन्ही हातांनी कार्ड घेत म्हणाल्या, "मी इनुकाई. लोभ असावा."

पडद्यावर पहिलं विमान फुटलं.

मागच्या सात-आठ जणांच्या तोंडून 'आं' असा एकच आवाज निघाला. पण कार्ड घेतलं की ते लगेच ठेवायचं नसतं. नीट वाचायचं असतं.

"काय सुंदर अक्षरं आहेत नावाची," बाई म्हणाल्या. "मोरिहिको असंच वाचायचं ना?"

"हो हो, मोरिहिको! आजोबांनी ठेवलेलं."

दुसरं विमान फुटलं.

"आणि माझ्याकडे द्यायला कार्ड नाही हो," बाई ओशाळून वाकल्या. "दुकानातलं बाईमाणूस मी. माफ करा."

"छे छे, असं काय बोलता! माफी मी मागायची," म्हणत सेगावा त्यांच्याहून खाली वाकले. मग बाई त्यांच्याहून खाली.

तिसरं विमान फुटलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'खेळ संपला' आलं.

कोकुबोच्या हातातून झाडू गळून पडला. मघाशी टिकटिकीवर वैतागलेला पोरगा चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि इनुकाईबाई हसल्या. म्हणाल्या, "काही हरकत नाही." त्या हसण्याने सेगावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या बायकोने असं 'काही हरकत नाही' लग्नानंतर दोनदाच म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी महिनाभर स्वतःचा भात स्वतः शिजवला होता.

"काही हरकत नाही कसं?" कोकुबो कळवळला. "साहेब, हे मशिन उद्या संध्याकाळी सहाला ट्रकने जातंय. सुटे भाग मिळत नाहीत आता. उद्याचाच दिवस उरलाय बाईंना!"

"उद्या तीनला येईन," बाई ॲप्रन झटकत म्हणाल्या. "किल्ला पडला की तुमच्या प्रश्नाचं उत्तर देईन, सेगावासाहेब. आधी नाही."

म्हणजे बाईंचा किल्ला पडला नाही, तर सेगावांची 'त'ची पानं मात्र पडणार! रात्री त्यांनी नागुमोबाईंना फोन करून सगळं सांगितलं. कार्डावर कचेरीचं नाव होतं, न सांगून चालणारच नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

रविवारी सेगावा दोन वाजताच हजर. हातात माफीची मिठाई, मोठ्या दुकानातली, दुकानाच्या कागदात बांधलेली. पण कोकुबोने जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून ठेवली होती.

"याच्या पुढे यायचं नाही. वाकायचं असेल तर तिथूनच वाका."

"मी काय गुन्हेगार आहे?"

"तीन विमानं गेली साहेब तुमच्या नावावर!"

तीनला इनुकाईबाई बसल्या. साडेतीनला पहिली फेरी संपली. चार वाजता दुसरी निम्मी झाली. आणि मग घोळ सुरू झाला. बाईंचा शेवटचा खेळ आहे ही बातमी गल्लीत पसरली होती. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं! ज्याचा त्याचा शर्ट बाईंच्या हातचा धुतलेला. मोहल्ला समितीचे अध्यक्ष मोमोसे फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभे, मागे पंधरा-वीस माणसं, आणि प्रत्येकाला बाईंना दोन शब्द बोलायचे होते.

"बाई, इतक्या वर्षांची आपली..." मोमोसेंनी सुरुवात केली आणि पाऊल पुढे टाकलं.

सेगावांना कालची तीन विमानं आठवली. या बाईला कुणी 'नमस्कार' म्हटलं, की ती दांडी सोडून उठणार! ते पट्टीपाशी वाट अडवून उभे राहिले. मशिनांच्या दोन रांगांमध्ये जागा जेमतेम एका माणसाची. त्यांनी खिशात हात घातला.

"प्रथमच भेटतोय! शब्दकोशाच्या कचेरीतला सेगावा!"

मोमोसे थबकले. गुच्छ काखेत मारून त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड घेतलं. नाव वाचलं. वाकले. सेगावा आणखी खाली वाकले. मोमोसेंना आधी सरळ होता येईना, सेगावांना तर सरळ व्हायचंच नव्हतं. वाकलेल्या माणसाला ओलांडून कोण जाणार? मागचे सगळे खोळंबले. मोमोसे कसेबसे मागे सरले तर पुढचा आला. त्यालाही कार्ड! नाव वाचा, वाका. डावीकडून एक आजी सरकायला बघत होत्या, त्यांनाही कार्ड! तिकडे पडद्यावर गोळ्या येत होत्या, इकडे नमस्कार येत होते. सेगावांच्या लक्षात आलं की सगळेच काही बाईंच्या पाठीकडे येत नाहीत. दहातले आठ इकडेतिकडे घुटमळतात, त्यांना सोडून द्यायचं. जो नेमका पाठीच्या रेषेत येईल, तेवढ्यालाच गाठायचं. कंबर मोडली होती, पण एकही नमस्कार बाईंपर्यंत पोचला नव्हता.

"किल्ला आला!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

आणि त्याच क्षणी सेगावांचं शेवटचं कार्ड संपलं. समोर बघतात तो काय, दारातून नागुमोबाई येत होत्या! रेशमी ओढणी, हातात मिठाईचा खोका, सेगावांच्या खोक्याच्या दुप्पट.

"त्याच का त्या बाई?" नागुमोबाई म्हणाल्या. "हाताखालच्या माणसाची चूक, म्हणजे माझी चूक. मला त्यांची माफी मागू द्या."

"आत्ता नको, बाई!"

"माफीला उशीर करायचा नसतो, सेगावासाहेब. व्हा बाजूला."

आपल्या वरिष्ठांना कार्ड देता येत नाही. धरून थांबवता तर मुळीच येत नाही. 'नका जाऊ' म्हणायचीसुद्धा सोय नाही. नागुमोबाईंनी पट्टी ओलांडायला पाय उचलला. सेगावांनी डोळे मिटले आणि धप्पकन गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकलं.

"माझंच चुकलं! क्षमा करा! सगळं माझंच चुकलं!"

वाट बंद! नागुमोबाईंचा पाय हवेतच राहिला. वीस माणसं बघत होती. स्वतःचा माणूस जमिनीवर लोळण घेतोय आणि आपण त्याला ओलांडून जायचं, म्हणजे काय म्हणतील लोक! बाई लाल झाल्या. "उठा हो, उठा! काय हा तमाशा!"

"तुम्ही माफ केल्याशिवाय उठणार नाही!"

"केलं! उठा!"

"तीनदा म्हणा!"

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत मागे स्फोटांचा गडगडाट झाला. मग सेंटरभर टाळ्या. इनुकाईबाईंनी अकरा वर्षांत प्रथमच किल्ला पाडला होता. तो क्षण सेगावांनी सिगारेटच्या राखेत नाक खुपसून साजरा केला.

कोकुबोने स्कोअरच्या कागदावर शिक्का मारला. बाईंनी डोळे पुसले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मग जमिनीवर बसलेल्या सेगावांसमोर त्याही बसल्या.

"हं, विचारा. काय विचारायचं होतं?"

"दानमाकु म्हणजे नेमकं काय?"

"मी बाई याला नुसतं 'विमान' म्हणते. ते नाव पोरांचं." सेगावांचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "हे बघा, गोळ्या मोजायच्या नसतात. शर्टावर डाग शंभर असतात, पण गिऱ्हाइकाचं लक्ष असतं एकावर. तसंच आहे. पडदा भरून गोळ्या येतात, त्यातल्या बहुतेक आपल्याला लागायच्याच नसतात. विमान मोठं दिसतं, पण त्याचा जीव तांदळाच्या कणीएवढा. आणि ज्याने खेळ केलाय त्याने कुठेतरी वाट ठेवलेली असते. घाबरून उड्या मारणारा मरतो. थोडंसं सरकणारा वाचतो."

सेगावांनी नागुमोबाईंच्या खोक्याच्या कागदावर तिथल्या तिथे लिहिलं. 'शत्रूच्या गोळ्यांनी पडदा भरून जातो, तरी खेळणाऱ्याला निसटायला वाट ठेवलेली असते, असा नेमबाजीचा खेळ. यात मारण्याहून चुकवण्याला मोल.'

नागुमोबाईंनी ते दोनदा वाचलं. लाल पेन बाहेर काढलं आणि पुन्हा पर्समध्ये ठेवलं. "'त'ची पानं तुमचीच," त्या म्हणाल्या.

सोमवारी दहाला पान छापायला निघालं, तर एक अडचण. नव्या व्याख्येने दोन ओळी जास्त घेतल्या होत्या आणि पानावर मुंगीलाही जागा नव्हती. दोन शब्द खाली 'दानमारी' होता. म्हणजे तोंड बंद ठेवणं, अळीमिळी गुपचिळी. त्याला तीन ओळी होत्या, सेगावांनीच बारा वर्षांपूर्वी मोठ्या प्रेमाने लिहिलेल्या.

"त्यातल्या दोन कापा," नागुमोबाई म्हणाल्या.

"पण बाई, त्याचा अर्थच पुरता कळणार नाही मग!"

नागुमोबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"सेगावासाहेब, तीन ओळी असताना तरी तुम्हाला कुठे कळला होता?"