परकारभाईंच्या दारावरचा झेंडा

अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला माणूस तिथल्या एका गावात रोज फिरायला जातो, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण आखातातल्या आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहणारे परकारभाई जातात. फोनवर तिथल्या रस्त्यांचे फोटो उघडायचे आणि बोटाने चालायचं. त्यांची एकुलती एक मुलगी नाझनीन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या कॉलेजच्या गावात शिकते. तिच्या खोलीपासून लायब्ररीपर्यंत झाडं किती आणि लाँड्रीचं दार कुठल्या बाजूला, हे त्यांना पाठ. मूळचे खेडकडचे, पण 'आमच्या गावात' असं म्हणाले की हल्ली ते अमेरिकेतलं समजायचं.

जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये ते एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. 'मोजल्याशिवाय सही नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला त्यांनी केकवरच्या मेणबत्त्या मोजल्या आणि एक कमी आहे असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. ती कमी का होती, हे तिला आणि मला माहीत होतं.

तर असं फिरता फिरता त्यांना तिथे एक झेंडा दिसला. लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे. आधी एका घराच्या ओसरीवर, मग दोन गाड्यांच्या मागे. इतके लोक लावतात म्हणजे कॉलेजचाच असणार, असं त्यांनी ठरवलं आणि मला विचारलं. मी इतिहासात कच्चा. 'असेल,' म्हणालो. त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

त्यांनी शारजाच्या एका टेलरकडून तो शिवून घेतला. टेलरने चौदा तारे लावले होते. फोटोत तेरा. 'एक ज्यादा है, उस्ताद,' म्हणून माल परत गेला. दुरुस्त होऊन आला तेव्हा परकारभाईंनी तो इस्त्री करून आपल्या दारावर बाहेरून लावला.

समोरच्या फ्लॅटमध्ये मिस डोरीन राहतात. शाळेत इंग्रजी शिकवतात. कृष्णवर्णीय अमेरिकन, त्याही तिकडच्या दक्षिणेतल्याच. रोज लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग, मिस्टर पार्कर' म्हणायच्या. झेंडा लागल्यापासून त्या पाच मजले जिन्याने उतरू लागल्या.

परकारभाईंनी याचं निदान केलं. बाई दुसऱ्या कॉलेजच्या असणार, फुटबॉलमध्ये त्यांची टीम हरली असणार. ते सांदणांची प्लेट घेऊन त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "मॅडम, डोन्ट फील बॅड. नेक्स्ट इयर युअर साइड विल विन, इन्शाल्ला."

मिस डोरीननी त्यांच्याकडे बघितलं, मागच्या झेंड्याकडे बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. सांदणं आम्ही खाल्ली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होतो. नाझनीनचा व्हिडिओ कॉल आला. सरप्राइज म्हणून परकारभाईंनी फोन दारापाशी नेला. तिला झेंडा दिसला.

"पप्पा, प्लीज टेक इट डाउन," ती म्हणाली. "आत्ता."

मग तिने सांगितलं. गुलामगिरी टिकवायला जी फौज लढली, तिचा तो झेंडा. तिच्या वाटेवरच्या घरावर तो आहे. एकदा तिथल्या ओसरीवरून कोणीतरी तिच्या स्कार्फवरून काहीबाही ओरडलं होतं. तेव्हापासून ती मागच्या रस्त्याने, लांबून जाते.

ती लांबून जाते हे परकारभाईंना फोनच्या नकाशावर, तिचा ठिपका बघून, दिसत होतं. पोरगी व्यायाम करते, असं ते आम्हाला कौतुकाने सांगायचे.

कॉल संपल्यावर त्यांनी झेंडा काढला. एक खिळा निघेना, तो मी काढला. मग ते समोरची बेल वाजवायला निघाले. इंग्रजीत अडलो तर सांभाळा, म्हणून मला बरोबर घेतलं. पण अडले नाहीत. माफी मागितली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मुलीची आई नाही. सुट्टीत येते, पण दोन दिवसांतच तिला परत जावंसं वाटतं. तिकडचं काहीतरी इथे दिसलं तर अजून दोन दिवस राहील, असं वाटलं मला."

मिस डोरीन दाराला धरून उभ्या होत्या. त्यांच्या आजीला त्या झेंड्यासमोरून मान खाली घालून जावं लागायचं, असं त्या म्हणाल्या. आणि इतक्या लांब येऊनही तो आपल्या दारासमोर दिसल्यावर त्यांना रात्रभर झोप नव्हती. मग बाईंनी गावाचं नाव विचारलं. त्यांची थोरली बहीण तिथून चाळीस मिनिटांवर राहत होती.

"मुलगी काय खाते?" त्यांनी विचारलं.

पुढच्या शनिवारी बहिणीने गाडी घेऊन नाझनीनला आपल्या घरी नाश्त्याला नेलं. त्या दिवशी आपल्या घरात डुकराचं मांस शिजणार नाही, असं बहिणीने आधीच फोनवर कळवलं होतं. इकडे संध्याकाळ होती. परकारभाई नवा शर्ट घालून मिस डोरीनच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. टेबलावर फोन उभा होता आणि त्यात नाझनीन अंडी खात होती. कोणीतरी तिच्या ताटात आणखी वाढलं, ती नको म्हणाली आणि तेही तिने संपवलं.

मिस डोरीन म्हणाल्या, बोला ना तिच्याशी.

परकारभाईंनी मान हलवली. "खाऊ दे तिला," ते म्हणाले, आणि नुसते बघत बसले.