माशांची साय

"मामा, एकच काम आहे. हा वरचा पेला भरला की काढायचा, मोरीत ओतायचा, धुऊन परत बसवायचा. बाकी कशालाच हात लावायचा नाही," धनश्री म्हणाली.

रामहरीने मान डोलावली. सून मावसबहिणीच्या लग्नाला राहुरीला निघाली होती, तिचा नवरा ओम दारात गाडी चालू ठेवून हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारंगी मासे आपल्याच नादात फिरत होते. समुद्र कुठे आणि हे काष्टी गाव कुठे! पण पुण्याची नोकरी घरात बसून करणाऱ्या या सुनेने लग्न ठरतानाच सांगितलं होतं, की दागिने कमी घातले तरी चालतील, खाऱ्या पाण्याची टाकी मात्र माझ्याबरोबर येणार. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासऱ्या-सुनेचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव की' याच्यापुढे सरकलं नव्हतं. म्हणून आज तिने आपण होऊन जीव की प्राण असलेले मासे ताब्यात दिले, तेव्हा रामहरीची छाती फुगली होती. हे काम आपण चोख करून दाखवायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

"ह्या यंत्राला म्हनत्यात काय?" टाकीच्या कडेला टांगलेल्या, बुडबुडे काढणाऱ्या नळकांड्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

"प्रोटीन स्किमर. आत फेस होतो, त्या फेसाबरोबर पाण्यातलं प्रोटीन वर चढतं आणि पेल्यात साठतं. म्हणजे कसं, की..." पुढचं हॉर्नने खाल्लं. धनश्री पळाली.

रामहरीला पुढचं ऐकायची गरजही वाटली नाही. उभा जन्म त्याने गावात दूध संकलन केंद्र चालवलं होतं. वर चढतं ते मोलाचं आणि खाली राहतं ते पातळ, हे त्याला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. स्किम केलेलं दूध म्हणजे साय काढलेलं दूध, त्याला भाव कमी. तेव्हा हे यंत्र काय करतं, हे त्याला चांगलंच उमगलं होतं.

दुपारी पेला भरला. आत चहाच्या रंगाचं दाट पाणी होतं आणि वर फेसाचा थर. रामहरी तो घेऊन मोरीपर्यंत गेला, पण ओतायला हात धजेना.

"काय बघताय त्यात? वता की," त्याची बायको बनुबाई म्हणाली.

"अगं, प्रोटीन हाय ह्ये. माशांच्या पान्यातलं सगळं सत्त्व ह्यात आलंय, आनि ते मोरीत वतायचं? मग त्या बिचाऱ्यांनी निस्त्या पातळ पान्यावर जगायचं व्हय?"

"वास किती मारतंय ते!"

"तू तुपासाठी आठवडाभर साय साठिवती, तिला काय अत्तराचा वास येतो का?"

बनुबाईने नाकाला पदर लावला. रामहरीने टाकीजवळ येऊन पेला अलगद पाण्यात रिकामा केला. मासे त्या तपकिरी ढगातून आरपार गेले. त्याला वाटलं, पोरं जेवायला धावली.

संध्याकाळच्या आत पेला पुन्हा भरला. रामहरी हरखला. "बघितलं का? पहिल्यापेक्षा दाट! फॅट वाढली!" त्याने तोही टाकीत ओतला. मग तर यंत्राला चेवच आला. जितकं परत घालावं तितकं ते वर काढी, आणि जितकं वर काढी तितकं रामहरी परत घाली. आपण नसताना सून किती माल वाया घालवत असेल, या विचाराने त्याला हळहळ वाटली. आल्यावर तिला चार शब्द समजुतीने सांगायचे, असंही त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी बनुबाईच्या ओरडण्याने तो हॉलमध्ये आला. पेला भरून झाकण उचललं गेलं होतं आणि फेस बाहेर पडून फरशीवरून दिवाणाखाली निघाला होता. रामहरीने आधी तांब्या लावला, मग बादली, मग केंद्रातलं दुधाचं कॅन आणलं. फेस काही थांबेना. टाकीतलं पाणीही आता ताकासारखं गढूळ दिसत होतं. शेवटी त्याने शेजारच्या कानिफनाथला हाक मारली. कानिफनाथ जनावरांची औषधं विकायचा आणि कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे इलाज असायचाच.

कानिफनाथने यंत्राभोवती एक चक्कर मारली. "आण्णा, म्हशीला फुगी झाल्यावर काय देतो आपन?"

"गोडेतेल."

"कशापायी?"

"पोटातला फेस मोडाया."

"मग? फेस त्यो फेस. म्हशीच्या पोटात असूंद्या न्हाईतर हिथं."

रामहरीला हे सोळा आणे पटलं. बनुबाईने पळीभर शेंगदाण्याचं तेल आणलं, त्याने ते यंत्राच्या तोंडात सोडलं, आणि काय सांगावं, फेस जागच्या जागी बसला! बुडबुडे तेवढे येत राहिले, पण वर काही चढेना. कानिफनाथने पाठ थोपटून घेतली, चहा घेतला आणि आणखी अर्धा कप मागितला.

तो कप संपायच्या आत बनुबाई म्हणाली, "अहो, मासं असं काय कराय लागलं?"

दोन्ही मासे वर आले होते. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि त्याच्या खाली टेकून ते तोंडं उघडत-मिटत होते. म्हशी, रेडकं, कालवडी त्याने कितीक वाचवल्या होत्या, पण इतकुसा जीव हातात धरायचा तरी कुठे?

"लाईट गेल्ती म्हनावं," कानिफनाथने हळूच सुचवलं. "यंत्र बंद पडलं आनि ह्ये झालं. लाईटला कोन जाब इचारतंय?"

रामहरीला क्षणभर ते गोड वाटलं. गावात लाईट जाते, हे सुनेलाही माहीत होतं. पण खोटं बोलल्याने मासे काही वाचणार नव्हते, आणि काय करायचं हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. त्याने फोन लावला. पलीकडे सनई-चौघडा चालला होता.

"धनश्री, अक्षता पडल्या का?"

"अजून वेळ आहे मामा. का हो?"

"जेवनाला काय केलंय?"

बनुबाईने त्याला कोपर मारलं. रामहरीने डोळे मिटले. "पोरी, मी त्यो पेला मोरीत वतला न्हाई. परत टाकीत वतला."

"परत टाकीत? किती वेळा?"

"जितक्यांदा भरला तितक्यांदा. मला वाटलं, साय हाय माशांची."

"मामा," धनश्री सावकाश म्हणाली, "ती साय नाही. त्यांची शी आहे ती. शी, उरलेलं खाणं, पाण्यातली सगळी घाण."

रामहरीने फोन धरलेल्या हाताकडे बघितलं. बनुबाईने तर सरळ मोरी गाठली आणि साबण घेतला.

"आनि अजून एक," तो कसाबसा म्हणाला. "पळीभर गोडेतेल बी घातलंय."

रामहरीला वाटलं, संपलं. आता ही पोर ह्या घरात आपल्या हाती पाण्याचा तांब्यासुद्धा देणार नाही.

"मामा, मासे जिवंत आहेत ना?"

"हायेत. पन वर यून तोंडं वासत्यात."

"मग बाकीचं नंतर. टाकीखालच्या कपाटात टिशू पेपर आहे. एकेक पाण्यावर पसरायचा आणि तवंगासकट उचलायचा. मग मागच्या खोलीतल्या निळ्या पिंपात खारं पाणी तयार आहे. टाकीतलं निम्मं पाणी काढा आणि ते भरा. सावकाश. आणि ते यंत्र काढून गरम पाण्याने घासून धुवा, तेलाचा अंशही राहायला नको. कपाटात हवेचा छोटा पंप आहे, तो लगेच सोडा."

मग तिघांची जी तारांबळ उडाली, ती गावाने खिडकीतून पाहिली. कानिफनाथने पंप सोडला आणि कागदांनी तवंग टिपला. रामहरीने दुधाच्या मापाने टाकीतलं पाणी उपसलं आणि पिंपातलं भरलं, आणि भरताना तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं इतकं जपून भरलं. बनुबाईने यंत्र कढत पाण्याने असं घासलं, की विकत घेतलं तेव्हाही ते इतकं चकचकीत नसेल. मग तिघंही टाकीसमोर फरशीवर बसून राहिले. जेवणाची आठवण कुणालाच झाली नाही.

उन्हं कलली, तेव्हा मोठा मासा तळाशी गेला, एका दगडाला वळसा घालून आला आणि धाकट्याच्या अंगावर धावून गेला.

"भांडाया लागला!" रामहरी ओरडला. "भांडतोय म्हंजी बरा हाय!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. फोनवर सुनेला सांगताना त्याचा आवाज इतका फुटला, की पलीकडे धनश्रीच त्याची समजूत घालत बसली. त्या रात्री तो आडवा पडला तो घोरायलाच लागला.

सोमवारी गाडी दारात आली. धनश्री चप्पल काढून सरळ टाकीपुढे उकिडवी बसली. कितीतरी वेळ ती माशांकडे बघत होती. रामहरी मागे हात बांधून उभा होता. केंद्रात दुधाची तपासणी करायला साहेब आला, की तो असाच उभा राहायचा.

"छान आहेत," ती उठून म्हणाली. "यंत्र फेस पण धरायला लागलंय. मामा, पुढच्या महिन्यात मला आठवडाभर पुण्याला ऑफिसात जायचंय. तेव्हाही तुम्हीच बघाल ना यांच्याकडे?"

रामहरीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "मी? आगं, मी त्यांला तेल पाजलं!"

"मग, मी हाय ना!" ओम बॅगा उतरवता उतरवता म्हणाला. "दिवाळीला तू माहेरी गेल्तीस, तवा मीच सांभाळलं न्हाई का? एकाला तरी काय झालं का?"

धनश्री नवऱ्याकडे वळली. "दिवाळीला मी गेले, तेव्हा मोठ्या माशाच्या डोक्यावरचा पट्टा मधोमध तुटलेला होता. आले तेव्हा अखंड होता. पट्टा आपोआप जुळून येतो का रे ओम?"

ओमच्या हातातली बॅग तशीच राहिली.

"मामांनी निदान फोन तरी केला," असं म्हणून धनश्री चहा ठेवायला आत गेली. ओम दोन्ही बॅगा उचलून, कुणी न सांगता, थेट माडीवर गेला.

म्हणजे पोराने मेल्या माशाच्या जागी गुपचूप दुसरा आणून सोडला होता! रामहरी दिवाणावर बसला आणि हसायला लागला. हसून हसून त्याला ठसका लागला.

"काय झालं ओ?" बनुबाईने बाहेर येऊन विचारलं.

"काय न्हाई," रामहरी डोळे पुसत म्हणाला. "पोरगं तुज्यावर गेलंय."