उभ्याने ऐकायचा पियानो

कलावंत हा समाजाचा ठेवा असतो, आणि ठेवा म्हटला की तो ठेवून द्यायचा असतो. या तत्त्वानुसार सोलापुरात अनेक कलावंत अत्यंत सुस्थितीत ठेवलेले आहेत.

ज्ञानदा मंद्रूपकर मात्र वेळीच हातून निसटली. वडील गंगाधरपंत शाळेत हेडक्लार्क, आई पद्मजाबाई त्याच शाळेत मराठी शिकवतात. अशा घरातल्या मुलीने बँकेची परीक्षा द्यावी असा प्रघात आहे. पण रेल्वे लाइन्समधल्या एका चर्चमध्ये हेमावती टीचर पियानो शिकवायच्या. ज्ञानदा मैत्रिणीबरोबर तिथे सहज म्हणून गेली आणि मग रोजच जाऊ लागली. नातेवाइकांनी समजूतदारपणा दाखवला. ("पेटीच आहे, फक्त भाता नाही," असं पद्मजाबाई लग्नकार्यात सांगत.) पुढे शिष्यवृत्ती मिळाली, ती युरोपात गेली, मोठमोठ्या सभागृहांत वाजवू लागली आणि चोविसाव्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसरी आली. बातमी सोलापुरात पोहोचताच सर्व थरांतून एकच प्रश्न उमटला: "मग पहिलं कोण आलं?"

तरीही सत्कार ठरला. सत्कार समितीचे अध्यक्ष गुरुबसप्पा हे शेंगाचटणीचे व्यापारी आणि मोठ्या मनाचे गृहस्थ. "पोरगी आपली आहे. दुसरी आली म्हणून काय टाकून द्यायची?" असं ते बैठकीत म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. ज्ञानदाने फोनवर एकच विनंती केली. "काका, मी आपल्या गावात कधी वाजवलेलंच नाही. सत्कार राहू दे, पण मला वाजवू द्या." समितीने विनंतीचा पूर्वार्ध तत्काळ मान्य केला. (सत्कार राहू दिला.)

पुण्याहून मोठा पियानो भाड्याने आला. तो व्यासपीठावर ठेवल्यावर मान्यवरांच्या खुर्च्या मावेनात, म्हणून तो कोपऱ्यात सरकवण्यात आला. त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. झाकण सपाट आणि ऐसपैस असल्याने त्यावर शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं आणि मान्यवरांचा चहा यांची उत्तम सोय झाली. इतक्या उपयोगी वाद्याची शहराला आजवर ओळख नसावी, याबद्दल हळहळ व्यक्त झाली.

मग भाषणं. पहिल्या वक्त्यांनी ज्ञानदाला तबलावादक म्हटलं. दुसऱ्यांनी ती चूक सुधारून सतारवादक केलं. चिंचोळी एमआयडीसीतले एक कारखानदार म्हणाले की आमच्याकडेही दिवसभर आवाजच असतो, त्यामुळे संगीताशी आमचं नातं जुनं आहे. सभागृहात लोक एकमेकांशी आणि उरलेले फोनवर मनमोकळं बोलत होते.

पुढच्या रांगेत हेमावती टीचर ठेवणीतली इरकली नेसून बसल्या होत्या. त्यांच्याकडे ज्ञानदाला बघवेना. ती हळूच गुरुबसप्पांच्या कानाशी लागली.

"काका, मी कधी वाजवू?"

"वाजव की! कोण नको म्हणतंय? आभार होऊ दे, जेवणं होऊ दे. पांगापांग झाली की निवांत वाजव. कोण डिस्टर्ब करणार नाही."

ज्ञानदाचे डोळे भरून आले. व्यासपीठावरच्या सर्वांनी ते आनंदाश्रू मानले आणि टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात गुरुबसप्पांनी माइक हातात घेतला. समितीचे माजी अध्यक्ष तिप्पण्णा दुपारीच वारले होते. (सत्काराला गालबोट नको म्हणून ही बातमी शेवटाला राखून ठेवली होती.) सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं श्रद्धांजली वाहावी, अशी त्यांनी विनंती केली. मग काय सुचलं कोण जाणे, ज्ञानदाकडे वळून म्हणाले, "नुसतं गप उभं राहायला लोकांना जड जातं गं. काहीतरी दुःखाचं वाजव. हळू."

ज्ञानदाने चहाचे कप उतरवले, शाली उचलल्या, झाकण उघडलं आणि सुरुवात केली. रचना तीन भागांची होती. दोन मिनिटांत ती संपण्यासारखी नव्हती आणि संपवायचा तिचा विचारही नव्हता.

लोक उभे राहिले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, पण बसणार कोण? तिप्पण्णांचे जावई समोरच उभे होते. फोन खिशात गेले, हात बांधले गेले, माना खाली झुकल्या. पहिला भाग संपला तसं सगळं सभागृह खुर्चीवर टेकण्यासाठी अर्धं वाकलं. तोच दुसरा भाग सुरू झाला आणि सभागृह पुन्हा सरळ झालं. तिसऱ्या भागात तर सूर चक्क बागडू लागले. तिप्पण्णा स्वर्गात पोहोचले असावेत, अशी लोकांनी समजूत करून घेतली. हेमावती टीचर ढसाढसा रडत होत्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "फार जवळचे होते का हो?"

ज्ञानदा हरखून गेली. युरोपात निदान खोकतात तरी. इथे कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडचे शहाजी दारात हजर. घरचा मेंढरांचा मोठा कळप, डोईला फेटा.

"ताई, आमच्या आबासाठी बी वाजवाल का?"

"कधी वारले?" गंगाधरपंतांनी हळुवारपणे विचारलं.

"अजून हायेत की. पण ताई परत परदेशी जायच्या आत तारीक धरून ठेवावी म्हनलं."

दोन दिवसांनी खुद्द आबांनीच बोलावणं धाडलं, म्हणून ज्ञानदा गेली. टेम्पोतून छोटा पियानो नेला. बिरप्पाआबा अंगणात बाजेवर बसले होते. "मी मेल्यावर वाजवून मला काय उपेग? आत्ता वाजव," ते म्हणाले. तिने सुरुवात करताच सगळी भावकी माना घालून उभी राहिली.

"बसा की रं! मी हितंच हाय," आबा ओरडले.

मग त्यांनी डोळे मिटले. वाजवणं थांबलं तसे ते उघडले. "लई ग्वाड. आनिक हाय का?"

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न ज्ञानदाला पहिल्यांदाच विचारला गेला. ती मोठ्याने हसली आणि दिवस मावळेपर्यंत वाजवत राहिली. (हा प्रकार नियमबाह्य होता. जिवंतपणी ऐकण्याची प्रथा पडली, तर सत्कार समित्यांनी करायचं काय?)

सुदैवाने ती प्रथा पडली नाही. आता ज्ञानदा निम्मं वर्ष युरोपात आणि निम्मं इथे असते. वैराग, कुंभारी, अक्कलकोट, जिथे शोकसभा असेल तिथे तिला मानाने बोलावतात. सभागृह भरलेलं, फोन बंद, सगळे उभे. तिप्पण्णांचा फोटो गुरुबसप्पांनी समितीच्या कार्यालयात लावला आहे. त्याखाली लिहिलं आहे: 'संगीतप्रसारक'.

आपल्याही गावात असा कार्यक्रम व्हावा असं कलाप्रेमी वाचकांना वाटत असणारच. पियानोची आणि टेम्पोची व्यवस्था समिती करील. गावातून फक्त एका व्यक्तीने तिप्पण्णांसारखा पुढाकार घ्यायचा आहे. कलेसाठी आपण आजवर टाळ्यांपलीकडे काही केलेलं नाही, हे लक्षात घेता आपल्याच नावाचा विचार व्हावा, अशी शिफारस आम्ही समितीकडे केलेली आहे.